पुन्हा मागावर

शांताबाई बिराजदार गेल्याचं त्यांच्या भाच्यानं मैंदर्गीहून फोन करून सांगितलं. दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. "मावशी सकाळी गेली. तुमाला कळवायचं म्हणून सांगून ठेवलं होतं तिनं," एवढंच तो बोलला. मी बरं म्हणून फोन ठेवला. बायकोनं विचारलं, कुणाचा? म्हणालो, बाई गेल्या. या गोष्टीला आता महिना उलटून गेला. सोलापुरातल्या आमच्या मिलच्या दवाखान्यात बाई नर्स होत्या. मी जगलो तो डॉक्टरांमुळे आणि औषधांमुळे. पण पुन्हा कामावर, माणसांत आलो तो बाईंमुळे.

मी मूळचा वैरागकडचा, मिलमध्ये विणकर. बाहत्तरच्या दुष्काळानंतर मला टीबी झाला. खोकताना तोंडातून रक्त आलं ते माग चालू असतानाच, सगळ्यांच्या देखत. पुढं सॅनेटोरियम, इंजेक्शनं, गोळ्या... वर्ष त्यातच गेलं. घरी आलो तर गल्लीतली माणसं लांबूनच विचारपूस करायची. उंबरा ओलांडून आत आल्या त्या बाईच. बायकोनं दिलेलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तम्मा, कामावर कधी येतोस?" तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. आजारी पडल्यापासून तब्येत कशी आहे असं सगळे विचारत होते. कामावर कधी येतोस, हे कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी थुंकी तपासून माझ्यापासून आता कुणाला लागण होणार नाही असं सांगितलं होतं. तरी मॅनेजरसाहेबांचं एकच म्हणणं, पूर्ण बरा असेल तर मागावर उभा राहा, नसेल तर घरी बस. बाई माझ्याबरोबर त्यांच्यासमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, माणूस म्हणजे मिलचा भोंगा न्हाय. एकदम वाजला न्हायतर एकदम बंद, असं कसं व्हईल? आधी थोडा वेळ, थोडं हलकं काम द्या. अंगात ताकद येईल तसं वाढवू." साहेब म्हणाले, "घडी खात्यात ठेवा. पण जबाबदारी तुमची." बाई म्हणाल्या, "माझीच की."

मला मात्र ते काम नकोसं झालं. घडी खात्यात तयार कापड तपासायचं, घड्या घालायच्या. तिथं बहुतेक म्हातारी माणसं. दुपारच्या सुट्टीत मला घरी जायची परवानगी होती, आणि गेटातून एकटाच बाहेर पडताना वाटायचं, सगळं गाव आपल्याकडं बघतंय. एकदा दवाखान्यात जाऊन मी चिडून बोललो, "बाई, मला दया नको. माझा माग द्या." त्यांनी माझा हात धरून टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. "दया कुणी केली तुज्यावर? ही बोटं बग. आज माग दिला तर तो तुला परत पाडंल, आणि मग मलासुद्धा तुला उभा करता येणार न्हाय." त्या दिवसापासून निमूट घड्या घालत राहिलो. पुढं सुट्टीनंतरही थांबू लागलो, नंतर भोंगा होईपर्यंत. बोटं स्थिर झाली तेव्हा बाई स्वतः मला विणाई खात्यात घेऊन गेल्या.

खरी अडचण तिथंच उभी होती. माझ्या मागावर दुसऱ्या पाळीला राजय्या असायचा, तेलुगू घरातला, हातात फार कसब असलेला माणूस. त्या काळी धोट्यात, म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या लाकडी तुकड्यात, सुताची नवी कांडी घातली की धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. एकाच धोट्याला दोन पाळ्यांच्या माणसांची तोंडं लागायची. मी आल्याचं बघून राजय्यानं हातातला धोटा खाली ठेवला आणि म्हणाला, "ह्याचं तोंड लागल्याला धोटा मी घेणार न्हाय." आजूबाजूचे चार माग थांबले. कुणीतरी मागून म्हणालं, बाई, तुमीच सूत ओढून दाखवा की.

मला वाटलं, बाई ते करतील. त्यांनी धोटा उचललासुद्धा... आणि परत ठेवला. "मी एकदा ओढून दाखवीन. पण मी काय रोज हितं उभी राहणार हाय का? भीती राजय्याची हाय, माझी न्हाय." मग बाई राजय्याशी तेलुगूत हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि निघून गेल्या. मी त्या दिवशी घरी परतलो तो आता सगळं संपलं असं समजून.

त्या संध्याकाळी बाई राजय्याच्या घरी गेल्या होत्या, हे मला कितीतरी वर्षांनी त्याच्याच तोंडून कळलं. त्याचा सख्खा भाऊ टीबीनं गेला होता, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून. बाईंनी त्याला समजवायची घाई केली नाही. भावाची हकीकत ऐकली, त्याच्या आईजवळ बसल्या. मग म्हणाल्या, तुझी भीती खरी आहे, धोट्याला तोंड कुणीच लावू नये. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मिलच्या फिटरकडून बारीक तारेचे आकडे वाकवून घेतले, भोकातून सूत ओढायला. एक राजय्याला, एक मला. हळूहळू साऱ्या रांगेनं ते आकडे मागून घेतले.

तरीही राजय्या माझ्याशी बोलत नव्हता. पाळी बदलताना माग सोडून बाजूला व्हायचा, एवढंच. मग एका थंडीत, मी पाळी संपवून निघालो असताना, त्यानं कपातला अर्धा चहा बशीत ओतला, बशी माझ्यापुढं धरली आणि कपाला स्वतः तोंड लावलं. "घे," म्हणाला. मी घेतली. त्या चहाची चव मला सांगता येणार नाही...

पुढं मिल बंद पडली, बाई गावी, मैंदर्गीला गेल्या. परवा बाईंच्या घरच्यांना भेटायला मी आणि राजय्या एसटीनं तिथं गेलो. बाईंचं घर चढावर आहे. कामावर परतलो त्या दिवसांत बाईंनी एक गोष्ट अंगवळणी पाडली होती. "दम लागल्यावर तर कुणीबी थांबतंय. तू दम लागायच्या आदी थांबायचं." चढाच्या मध्यावर मी थांबलो. दम लागला नव्हता. बाईंचं ते सांगणं राजय्याला मी कधी सांगितलेलं नव्हतं, पण तोही शेजारी थांबला. दोघं वरच्या उघड्या दाराकडं बघत उभे राहिलो. मग तो म्हणाला, "चल आता," आणि आम्ही पुढं निघालो.