तापलेल्या इंजिनाची पूजा

आमचे हे अकोल्याच्या विमानतळावर मिस्त्री होते. साठच्या दशकात कपाशीवर औषध फवारायला तिथे एक लहानसं विमान यायचं. त्याचा पुढचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं काम यांचं. लग्न होऊन मी मोर्शीहून आले, तेव्हाच विचारून घेतलं होतं, ‘‘हातगित तुटला तं?’’ यांचं उत्तर ठरलेलं. ‘‘स्विच बंद असला की ते नुसतं लोखंड हाय. काहून डोकं खाऊन राहिली?’’ तरी संध्याकाळी दारात सायकल वाजेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असायचा.

एका दसऱ्याला विमानाची पूजा करायचं ठरलं. पायलट पंजाबकडचे; त्यांनी तो मान मला दिला. नवं लुगडं नेसून मी ताट घेऊन उभी राहिले. विमान एक फेरी करून आलं, इंजिन बंद झालं, पायलट उतरले आणि जोडे काढून बाजूला थांबले. पंख्याचं एक पातं वर, एक खाली. खालच्याला हळदकुंकू लावलं, वरच्याला हात पुरेना. एकाला कुंकू आणि दुसरं कोरडं, हे काही मला पटेना. पातं खाली ओढायला मी हात घातला.

‘‘हात काढ! मांगं सर!’’

हे एवढ्या जोरात ओरडले की मी दचकून दोन पावलं मागे गेले. चारचौघांत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘‘स्विच तं बंद हाय ना? तुमीच सांगता!’’

‘‘इंजिन तापलेलं हाय. आतमंदी काजळी लाल असते. पेट्रोल उरलं असलं तं स्विच बंद असूनही पेटते, अन् पंखा फिरते.’’

बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते मग यांच्या ध्यानात आलं. माझ्याकडे बघेनात. इतकी वर्षं मला खुशाल थापा मारल्या होत्या.

पूजा आटोपली. विमानाला पुढच्या फेरीला जायचं होतं, म्हणजे ते तापलेलं इंजिन आता यांनाच चालू करायचं होतं. मी घरी गेले नाही. चाकांना लाकडी ठोकळे लावले. दोनदा फिरवूनही इंजिन लागेना. पेट्रोल जास्त गेलं असावं, वास सुटला होता.

‘‘पेट्रोल बंद! स्विच बंद! थ्रॉटल खोलो!’’ हे ओरडायचे, आणि आत बसलेले पायलट तेच शब्द परत ओरडून सांगायचे. मग आतलं पेट्रोल बाहेर पडावं म्हणून हे पंखा उलटा फिरवू लागले. बोटं पात्यावर वळवत नव्हते, नुसता तळवा टेकवत होते. स्विच बंदच होता. माझा मात्र त्या स्विचवर आता काडीचा विश्वास नव्हता.

‘‘थ्रॉटल कम!’’ इंजिनाचा जोर वाढवणारं ते थ्रॉटल उघडं राहिलं, तर इंजिन लागताच विमान ठोकळ्यांवरून यांच्या अंगावर आलं असतं. मग स्विच चालू. पातं खाली ओढून हे झटकन मागे सरले. इंजिन लागलं.

विमान उडून गेल्यावर हे माझ्याजवळ आले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो तोंडाशी नेताना निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं.

‘‘तुमाले भेव लागते?’’ मी विचारलं.

‘‘रोज लागते.’’

आजवर आमच्या घरात मी एकटीच भिते असं मी धरून चालले होते. खरं तर मला यांचा राग यायला हवा होता, पण उलट जरा बरंच वाटलं.