नऊ एक आणि एक चार

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. तेव्हा चहा तेवढा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. मुलीच्या रिपोर्ट कार्डावर मी जी अक्कल पाजळली ना, तशी अख्ख्या दुबईत कुणी पाजळली नसेल!

आमची ईरा तिसरीत. गेल्या वर्षापर्यंत ती इंडियन शाळेत होती. तिथं सगळं सरळ. गणितात 'ए', हिंदीत 'बी', आईची थोडी कटकट, विषय संपला. यंदा तिला अमेरिकन पद्धतीच्या शाळेत घातलं आणि पहिल्या टर्मचा रिपोर्ट ॲपवर आला. बघतो तर काय, ना टक्के, ना ए, ना बी! नुसती लांबलचक वाक्यं. 'अपूर्णांक ओळखते', 'गोष्टीचा सारांश सांगते'... आणि प्रत्येकापुढे एक आकडा.

दहा वाक्यं. नऊ ठिकाणी एक. आणि शेवटच्या 'वर्गात प्रश्न विचारते' ह्यापुढे चार!

आता माझं काम काय? रास अल खोरला कांदे-बटाट्याच्या गोदामात मी मालाचं ग्रेडिंग बघतो. पंधरा वर्षं झाली. एक नंबर माल मोठ्या हॉटेलात, दोन नंबर दुकानात, तीन नंबर कॅफेटेरियात. आणि चार नंबर? थेट कचऱ्याच्या डब्यात. तुम्हीच सांगा, असा माणूस नऊ एक बघून काय करेल?

पेढे आणेल!

"अहो, एकदा शाळेत विचारा तरी," बायको म्हणाली.

"विचारायचंय काय त्यात? आकडे वाचता येतात मला!"

दोन किलो पेढे आणले. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगचे सगळे मजले पालथे घातले. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल केला, तिने संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळवलं. दुसऱ्या दिवशी गोदामात बशीरभाईंसमोर बॉक्स धरला. बशीरभाई रत्नागिरीचे, ग्रेडिंग मला त्यांनीच शिकवलं.

"माशाल्ला! नऊच्या नऊ एक? मग हा चार कुठून घुसला, हबीबी?"

"तेच तर! वर्गात प्रश्न विचारते म्हणे."

"टीचर वैतागली असणार. आत्ताच निवडून बाहेर काढा तो. यल्ला, लवकर!"

मला अगदी पटलं. घरी येऊन ईराला समोर बसवलं.

"बेटा, बाकी सगळं झकास आहे. फक्त ते प्रश्न विचारणं बंद. खलास."

"बट बाबा, डू यू नो व्हॉट फोर मीन्स?"

"बघ! परत प्रश्न!"

पोरगी जी गप्प झाली ती झालीच. एरवी दिवसभर भुंगा लागलेला असायचा. उंटाला घाम येतो का? समुद्र खारा तर मासा खारट का नाही? लिफ्टला आपलं वजन कसं कळतं? ते सगळं बंद. घर इतकं शांत झालं की मलाच करमेना. पण म्हटलं, चाराचा एक व्हायचा तर एवढं सोसायलाच हवं.

पाचव्या दिवशी पेरेंट्स मीटिंग. मी इस्त्रीचा शर्ट घालून, उरलेले पेढे घेऊन, ईरासकट हजर. टीचर मात्र काळजीत दिसली.

"इज ईरा ओके? चार दिवसांत तिने एकही प्रश्न विचारला नाही. घरी काही प्रॉब्लेम आहे का?"

मी छाती फुगवून म्हटलं, "नो प्रॉब्लेम, मॅडम! आय सॉल्व्ह्ड इट! नेक्स्ट टर्म शी विल गेट वन!"

टीचरने रिपोर्टचं दुसरं पान उघडून टॅब माझ्यापुढे सरकवला. दुसरं पान! ते असतं हेच मला माहीत नव्हतं. तिथं स्वच्छ लिहिलेलं. एक म्हणजे आत्ताशी सुरुवात. तीन म्हणजे वर्षअखेर जे यायला हवं ते आलं. चार म्हणजे इयत्तेच्याही पुढे.

"एकाची काळजी करू नका," ती समजावत म्हणाली. "नवीन मुलांचं असं होतंच, इट्स ओन्ली द फर्स्ट टर्म. पण हा चार... मी सहसा चार देतच नाही. पूर्ण वर्गात हा एकच आहे."

मी पेढ्यांचा बॉक्स हळूच खुर्चीखाली सरकवला. खरं सांगतो, मनापासून लाज वाटली. पोरगी ज्या एका गोष्टीत सगळ्या वर्गाच्या पुढे होती, नेमकी तीच मी कचऱ्यात टाकायला निघालो होतो!

गाडीत बसल्यावर विचारलं, "ईरा, तुला चारचा अर्थ माहीत होता?"

"ऑफ कोर्स. आय आस्क्ड मिस द फर्स्ट डे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"यू डिडन्ट आस्क, बाबा."

मी कान पकडले आणि म्हटलं, "चुकलं माझं. आता काय विचारायचं ते विचार."

ती मागच्या सीटवरून पुढे झुकली.

"बाबा, इफ यू वेअर इन माय क्लास, व्हॉट वुड यू गेट फॉर रीडिंग?"

"एक," मी कबूल केलं.

तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. अगदी टीचरसारखं.

"इट्स ओके, बाबा. इट्स ओन्ली युअर फर्स्ट टर्म."