साडूची मधली खुर्ची

माझा साडू शिंपी आणि मी रेडिओ दुरुस्त करणारा. आता दोघंही घरी बसलोय. चाळीस वर्षं त्याने लोकांचे कोट शिवले आणि मी लोकांचे मुके डबे बोलते केले. तेव्हा आवाजाच्या बाबतीत नात्यात शेवटचा शब्द कुणाचा असायला हवा, हे सांगायला पंच बोलवायची गरज नव्हती. गल्लीत मला सगळे कानमास्तर म्हणायचे. कुणी टेपरेकॉर्डर घ्यायचा म्हटला, की आधी तो माझ्या टेबलावर यायचा. मी डोळे मिटून ऐकायचो. मी मान हलवली तरच तो त्या घरात जायचा.

आणि हा माणूस, हात थरथरायला लागले म्हणून शिवणयंत्र विकून, सहासष्टाव्या वर्षी गाणी ऐकण्याच्या नादाला लागला. कानामागून आला आणि तिखट झाला.

त्याने कुठून तरी जुना ॲम्प्लिफायर आणला, कमरेइतके उंच दोन स्पीकर आणले, तबकड्या वाजवायचं यंत्र आणलं. ज्या पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांची मापं घ्यायचा, ती रिकामी केली. मला वाटलं, चार दिवसांची हौस. पण त्याचा पिंड शिंप्याचा. गळ्यात टेप घालून तो खोलीचीच मापं घेत सुटला. स्पीकर भिंतीपासून किती, एकमेकांपासून किती, सगळं अगदी सुतापर्यंत मोजून. कापडावर आखायच्या चपट्या खडूने त्याने फरशीवर खुणा केल्या आणि दोन्ही स्पीकरपासून अगदी सारख्या अंतरावर एक खुर्ची ठेवली. ती मधली खुर्ची. त्या दिवशी ज्याचा मान, तो तिच्यात बसायचा. बाकीचे मागे, स्टुलांवर.

दर रविवारी चार वाजता तिथे बैठक जमू लागली. साडू, त्याची बायको म्हणजे माझी मेहुणी, शेजारचे निवृत्त मास्तर, आणि माझी बायको. आमची ही, जी चाळीस वर्षांत माझ्या दुकानात एक गाणं पुरतं ऐकायला थांबली नाही, ती रविवारी साडेतीनला इस्त्रीचे कपडे घालून दारात उभी. "चला ना, सुरू होईल," म्हणायची. मला हेवा वाटायचा. उगीच आडपडदा कशाला ठेवू, पोटात दुखायचं. ती त्या खुर्चीत बसून डोळे मिटायची, तेव्हा तर उठून घरी जावंसं वाटायचं.

त्यात माझी एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. दीड वर्षापूर्वी माझा डावा कान गेला. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली नस सुकली, आता काही होणार नाही. मी घरी सांगितलं की मळ होता, काढला. एका कानाचा कानमास्तर कुणाला हवाय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिल्या रविवारी साडूने मला आदराने मधल्या खुर्चीत बसवलं होतं. एका बाईंची जुनी तबकडी लावली आणि हात चोळत म्हणाला, "साडूभाऊ, आवाज आहे, पण बाई सापडत नाहीत. भिंतीभिंतींतून येतायत. उभ्या कुठे आहेत तेच कळत नाही. तुम्हीच सांगा काय चुकलं."

मी काय सांगणार? मला त्या बाई फक्त उजवीकडून ऐकू येत होत्या. चुलीवरचं भांडंसुद्धा मला उजवीकडूनच ऐकू येतं. मी नाकाने कांदे सोलत म्हटलं, पडदे पातळ आहेत. बिचाऱ्याने थरथरत्या हातांनी, सुई-दोऱ्याने, तीन आठवडे खपून दुहेरी अस्तराचे जाड पडदे शिवले. खिडकीलाच नव्हे, स्पीकरच्या मागच्या भिंतीलाही लावले. फरक पडला नाही. मग मी सतरंजी सुचवली. तीही आली. मी काहीही सांगावं आणि त्याने मान डोलावून करावं. एवढं होऊन बैठक मात्र त्याच्याच घरी भरत होती, आणि माझ्या माळ्यावरचे चार रेडिओ धूळ खात होते.

ठिणगी पडली ती मास्तरांच्या जिभेमुळे. एका रविवारी ते सहज म्हणाले, की आता कानमास्तर कुणाला म्हणायचं ते नव्याने ठरवावं लागेल. सगळे हसले. साडू लाजला. आणि माझी बायको हसली. तोंडाला हात लावून नव्हे, अगदी मनापासून. ते हसू मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपलो.

पुढच्या रविवारी सगळे चहाला आत गेले, तेव्हा मी पाय अवघडल्याचं निमित्त करून मागे राहिलो. स्पीकरच्या पाठीला दोन स्क्रू असतात, एक लाल, एक काळा. एकाच स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल केल्या, की दोन्ही स्पीकर एकमेकांविरुद्ध ओढायला लागतात. गाणं वाजतं, पण पोकळ. मधला गाणारा नाहीसा होतो. नवख्याला कारण सापडता सापडत नाही. मला स्वतःला तो बिघाड ऐकू येणार नव्हता, पण बाकीच्यांचे दोन्ही कान शाबूत होते. मी उजव्या स्पीकरमागे, मीच शिवायला लावलेल्या पडद्याआड, गुडघ्यांवर बसलो. चष्मा स्टुलावरच राहिला होता, लाल कुठला आणि काळा कुठला ते दिसत नव्हतं. तारा चाचपून काढल्या, उलट्या लावल्या, स्क्रू आवळले. हात जराही थरथरले नाहीत. याचाही मला तेव्हा अभिमान वाटला.

सगळे परतले. माझी बायको मधल्या खुर्चीत बसली. साडूने तीच जुनी तबकडी लावली. मी त्यांचे चेहरे पडायची वाट बघत होतो.

कुणाचाच चेहरा पडला नाही. मग बायकोने हात उचलला आणि दोन स्पीकरच्या मधे, जिथे रिकाम्या भिंतीशिवाय काही नव्हतं, तिथे बोट दाखवलं.

"इथे उभ्या आहेत," ती म्हणाली. "माझ्या समोर."

साडू तिच्या मागे येऊन वाकला. मग टेपच्या टोकाने डोळे पुसू लागला. मास्तर उठून स्पीकरमागे गेले आणि तारा बघून आले, उजव्याच्या तारा कुणीतरी बदलल्या होत्या. साडूने लावलं होतं कसं, तर शिंप्यासारखं. कोटाचे पुढचे दोन भाग आरशात बघितल्यासारखे एकमेकांच्या उलट असतात. त्याने दोन्ही स्पीकरही तसेच जोडले होते, जोडीतली रेघ असलेली तार दोन्हीकडे आतल्या बाजूला. लाल-काळ्याकडे त्याने बघितलंच नव्हतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून एक स्पीकर उलटा होता, आणि मी तो सुलटा केला होता. गाणारा सापडत नाही, असं दुकानात कुणी गिऱ्हाईक म्हणालं असतं, तर न ऐकताच मी म्हटलं असतं, तारा बघा. पण हे साडू म्हणाला होता.

मागे कोण राहिलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साडूने माझे दोन्ही हात धरले. "माझी फजिती होऊ नये म्हणून गुपचूप केलंत," म्हणाला. मास्तर म्हणाले, कानमास्तर ते कानमास्तरच. मला खुर्चीत बसवलं, बाई कुठे उभ्या आहेत विचारलं. मी बायकोने दाखवलं होतं तिथेच बोट दाखवलं. मला त्या अजून उजव्या भिंतीतच होत्या. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि इतकी लाजही नाही.

घरी जाताना बायको नेहमीसारखी माझ्या उजवीकडून चालत होती. अर्ध्या रस्त्यात ती मागून वळसा घालून डावीकडे गेली. थोड्या वेळाने पुन्हा उजवीकडे आली.

"मी तिकडे काय म्हटलं?" तिने विचारलं.

मी चपलांकडे बघत चालत राहिलो.

"दीड वर्ष मी या बाजूने चालतेय," ती म्हणाली. "ज्याला एकाच कानाने ऐकू येतं, त्याला ती चूक कळली कशी? तुम्ही पडद्यामागे काय करायला गेला होतात?"

"बिघडवायला," मी म्हटलं.

ती पुढे होऊन चालू लागली. फाटक उघडताना म्हणाली, की तारेचं ती कुणाला सांगणार नाही. कानाचं मात्र मी स्वतः साडूला सांगायचं, येत्या रविवारीच.

मी सांगितलं. सगळ्यांदेखत, खाली बघून. मास्तर पुन्हा काही बोलतील याची मला धास्ती होती, पण ते चष्मा पुसत राहिले. साडूने मात्र विचारलंसुद्धा नाही, की मग त्या दिवशी तुम्हाला कळलं कसं. त्याने गळ्यातली टेप काढली. माझ्या उजव्या कानापासून एका स्पीकरपर्यंत मोजलं, मग दुसऱ्यापर्यंत. मधली खुर्ची उचलून डाव्या भिंतीजवळ नेली आणि उजवा कान स्पीकरकडे येईल अशी तिरकी वळवली. फरशीवर नवी खूण केली.

"एक खांदा उतरलेली किती माणसं यायची माझ्याकडे," तो म्हणाला. "कोट त्यांनाही नीट बसायचा. बसा."

मी बसलो. तबकडी सुरू झाली. बाई मला मधे सापडल्या नाहीत, सापडणारही नव्हत्या. पण दीड वर्षात पहिल्यांदा त्यांचा श्वास घेतलेला ऐकू आला, ओळ सुरू करण्याआधीचा. चाळीस वर्षं आवाजाचा धंदा केला, घरी चार रेडिओ आणि एक खुर्ची होती, आणि ती अशी वळवून बसावं हे मला एकदाही सुचलं नव्हतं. ते त्याला सुचलं. माझ्या पोटात पुन्हा दुखलं. मी डोळे मिटून ऐकत राहिलो.