फाटकावर सही झालेली खुर्ची

मानेसरच्या एका विक्रेत्याने दिल्ली कँटोन्मेंटमधल्या एका हवालदाराच्या मुलीला तुटलेली, वेल्डिंग करून वरून रंग मारलेली व्हीलचेअर नवी म्हणून विकली. ज्या मोठ्या ऑनलाइन कंपनीमार्फत ती विकली गेली, त्या कंपनीकडे ती खुर्ची तुटलेली असल्याचा पुरावा आधीपासून पडून होता. तरीही कंपनीने मुलीच्या आईची तक्रार फेटाळली. मग ती आई माझ्या ठाण्यात आली आणि मी तिला परत पाठवले. निवृत्तीनंतर शेकडो प्रकरणे विसरलो आहे. हे एक आठवले की आजही माझे डोके तापते.

मी दिल्ली पोलिसात शिपाई म्हणून लागलो. वडील फौजेत साधे शिपाई होते, त्यामुळे लहानपण कँटमध्ये गेले. पुढे खात्याच्या परीक्षा देत इन्स्पेक्टर झालो, कोणाच्या चिठ्ठीवर नाही. स्वभाव तापट आहे, हे सहकारीही सांगतील. भाव केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही, म्हणून बायको माझ्याबरोबर बाजारात येत नाही.

त्या दिवशी ठाण्यात बंदोबस्ताची धावपळ होती. ड्यूटी ऑफिसरने एका बाईंना माझ्याकडे पाठवले, कारण त्या मराठी होत्या.

"साहेब, तुम्ही आपल्याकडचे आहात असं कळलं, म्हणून आले," त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान सीमेवर तैनात होते. मुलगी अठरा वर्षांची, लहानपणापासून पायांत जोर नसलेली. तिला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. घरची जुनी खुर्ची कोणीतरी ढकलावी लागे, म्हणून त्यांनी बॅटरीवर चालणारी नवी खुर्ची ऑनलाइन मागवली होती. त्यांनी मोबाइलवरचे फोटो दाखवले. बैठकीखालच्या सांध्यावर रंगाखाली धातूचा गोळा उठून दिसत होता.

"दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा नाकारली. म्हणतात, माल चांगला मिळाल्याची सही आहे आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ नाही."

"मग खोकं उघडताना व्हिडिओ का नाही काढलात?"

"साहेब, तुम्ही कँटमध्ये वाढलात म्हणे. डिलिव्हरीवाला फाटकाच्या आत येतो का?"

नाही येत. पार्सल फाटकावर ठेवायचे, पहारेकऱ्याने रजिस्टरात नोंद करून सही द्यायची आणि घरच्यांनी सवडीने घेऊन जायचे, अशी तिथली पद्धत. पहारेकरी खोकी मोजतो, उघडत नाही. त्याची सही म्हणजे खोके आले एवढेच. कंपनीच्या लेखी मात्र त्याच सहीचा अर्थ 'माल उत्तम' असा होता. हे मला माहीत होते. तरी मी तेच बोललो जे देशातले प्रत्येक ठाणे बोलते.

"वहिनी, हे दिवाणी प्रकरण आहे. ग्राहक मंचात जा."

"तिचं कॉलेज सोमवारी सुरू होतंय."

"तोवर जुन्या खुर्चीवर पाठवा."

"जुनी मी ढकलते, साहेब. मी तिच्या वर्गात किती दिवस बसू?"

मी घड्याळाकडे पाहिले. त्या समजल्या आणि उठल्या. मी रोजनाम्यात त्यांची साधी नोंदसुद्धा करायला सांगितले नाही.

नऊ दिवसांनी रुग्णालयातून ठाण्याला फोन आला. कॉलेजजवळच्या उतारावर एक मुलगी व्हीलचेअरसकट कोसळली होती. कोपराचे हाड मोडले होते, पुढचे दोन दात पडले होते. माझा हेड कॉन्स्टेबल रोहतककडचा, जुना आणि शांत माणूस. तो टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, वो कैंट वाली मैडम थी ना, उन्हीं की बेटी है."

मी स्वतः गेलो. आईंनी मला पाहून पाठ वळवली. मुलगीच बोलली, सुजलेल्या ओठांनी.

"अंकल, मी चार दिवस एकटी गेले. बिल्कुल एकटी. आईला गेटवरूनच बाय केलं. पाचव्या दिवशी सीट एका साइडला गेली."

"खुर्ची खराब आहे हे माहीत होतं ना, बेटा?"

"माहीत होतं. पण दुसरी कुठे होती?"

त्याच संध्याकाळी मी गुन्हा दाखल केला. फसवणूक आणि हयगयीने इजा. आता ते आमच्या लेखी दखलपात्र झाले होते. मुलीचे हाड मोडल्यावर. पंचनामा करून खुर्ची मुद्देमालात घेतली आणि जवळच्या वर्कशॉपमधल्या जाणत्या मिस्त्रीला दाखवली. त्याने रंग खरवडला आणि म्हणाला, "साहब, ये जोड़ फैक्ट्री का नहीं. किसी ने बाद में थोपा है."

पार्सल आणणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला बोलावले. तो ठाण्याच्या दारातच थबकला. मी आवाज चढवणार तोच हेड कॉन्स्टेबलने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"पी ले भाई. तेरे को कोई नहीं मार रहा. बस सच बोल दे."

चहा अर्धा झाला आणि तो बोलू लागला.

"साहब, शिकायत आती है तो डाँट मुझे पड़ती है. तोड़ता मैं नहीं. मानेसर के उस सेलर का कैंट वाला माल हल्का ही आता है. डिब्बे पर टेप भी डबल होती है."

"सिर्फ कैंट का?"

"जहाँ फाटक पर साइन हो जाए. हॉस्टल, बड़ी सरकारी कॉलोनी. जहाँ कस्टमर मेरे सामने खोलता है, वहाँ चकाचक माल आता है."

पोलिसात खबर देणारा माणूस बहुधा सूड म्हणून बोलतो किंवा लोभाने. हा फुकटची बोलणी खाऊन कंटाळला होता. अशी खबर सहसा खरी निघते.

मानेसर हरियाणात येते. त्यामुळे आमच्या ठाण्यात निघाल्याची नोंद करून गेलो, तिथल्या ठाण्यात पोहोचल्याची नोंद केली आणि त्यांचे दोन शिपाई बाहेर उभे केले. मी आणि हेड कॉन्स्टेबल साध्या कपड्यांत आत गेलो. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या मागे पत्र्याचे गोदाम होते. विक्रेता तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मी त्याला सांगितले की आईसाठी खुर्ची हवी आहे, थेट घेतली तर भाव काय. घरपोच पाठवायला पत्ता दिला दिल्लीतल्या मुनिरक्याचा, भाड्याच्या खोलीचा.

त्याने भाव सांगितला. मी निम्म्यावर आलो. तो हसला.

"अंकल जी, आप तो दुकान ही ले जाओ. नई चीज़ है, इससे कम नहीं होगा."

अर्धा तास घासाघीस केली. हँडल सैल आहे म्हणालो, रंग फिका आहे म्हणालो, शेजारच्या गल्लीत स्वस्त मिळते अशी थाप मारली. माणूस हलला नाही. तेव्हा प्रत्येक गिऱ्हाईक करते तेच केले. उठलो, दारापर्यंत गेलो आणि हेड कॉन्स्टेबलला मोठ्याने म्हणालो, "छोड़ यार. भांजा कैंट में रहता है, उसी के घर मँगवा लेंगे. कहीं और से."

"कैंट में?" मागून आवाज आला. "अंकल जी, पहले बोलना था ना. बैठिए, बैठिए."

आणि त्याने भाव एकदम पाऊणपट केला.

मी जन्मभर भाव केले आहेत. विक्रेता दमला की भाव उतरवतो, गिऱ्हाईक निघाले की उतरवतो, दुकान बंद करायची वेळ झाली की उतरवतो. मानेसरहून मुनिरका काय आणि कँट काय, गाडीभाड्यात फरक पडत नाही. नुसता पत्ता बदलला आणि माल स्वस्त झाला, याचा अर्थ मालच बदलला. मी ओळखपत्र टेबलावर ठेवले.

झडतीत मागच्या भिंतीला लावलेली खोकी मिळाली. सगळ्यांवर दुहेरी टेप आणि कोपऱ्यात खडूने एकच शब्द: गेट. आत ग्राहकांनी परत पाठवलेल्या वस्तू. चिरलेले कमोड, वाकलेले वॉकर, चार खुर्च्या. आजारी आणि अपंग माणसांच्या वापराचे सामान.

चौकशीत तो पहिला तासभर सभ्य होता. मग म्हणाला, "सर, रिटर्न का माल सब निकालते हैं. मैंने तो रिपेयर भी कराया था."

"त्यावर माणूस बसणार होता," मी म्हणालो. रागात मराठीच तोंडातून निघाली. त्याला अर्थ कळला.

"कौन बैठेगा, मुझे क्या पता."

मी खुर्ची मागे ढकलून उभा राहिलो. हेड कॉन्स्टेबल मध्ये आला. "सर, आप बाहर चाय पी लीजिए. मैं लिखवाता हूँ." बाहेर गेलो. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. हात उठला असता तर पुढे न्यायालयात त्या जबाबाचे मातेरे झाले असते.

पण मुलीची खुर्ची त्या मालातली नाही, ती नवीच होती आणि वाहतुकीत तुटली असेल, यावर विक्रेता अडून बसला. ते खोटे पाडले बैठकीखालच्या एका पट्टीने. तिच्यावर खुर्चीचा क्रमांक कोरलेला होता. गोदामातल्या, परत आलेल्या मालाच्या यादीत आम्ही तो शोधला आणि सापडला. दीड महिन्यापूर्वी हीच खुर्ची मुनिरक्यात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीकडे गेली होती.

आम्ही तिच्या खोलीवर गेलो. तिने डिलिव्हरीवाल्याला दारात थांबवून खोके उघडले होते आणि सगळे मोबाइलवर टिपले होते. व्हिडिओ अजून जपून ठेवला होता. त्यात क्रमांकाची पट्टी दिसते आणि तिच्या वरच्या सांध्याला, बहुधा वाहतुकीत, गेलेला तडाही दिसतो. तोच सांधा, तोच क्रमांक. तिने तो कंपनीला पाठवला आणि दोन दिवसांत तिला नवी खुर्ची मिळाली.

म्हणजे ही खुर्ची तुटकी आहे हे कंपनीने एकदा मान्य केले होते. तिचा क्रमांक, तिचा व्हिडिओ कंपनीच्याच नोंदीत होता. हवालदाराच्या बायकोने त्याच क्रमांकाचा फोटो पाठवला तेव्हा कंपनीने आपली नोंद उघडून पाहिली नाही. फक्त फाटकावरची सही पाहिली.

मी कंपनीला नोटीस काढली. वकिलाचे तीन पानी उत्तर आले: आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. पुन्हा लिहिले: तक्रार नाकारली त्या कर्मचाऱ्याचे नाव कळवा. उत्तर आले: प्रक्रिया स्वयंचलित आहे. तिसऱ्यांदा लिहिले: प्रक्रियेचा नियम कोणी ठरवला ते कळवा. उत्तर आले नाही. वरिष्ठ म्हणाले, "छोड़ो यार, सेलर तो पकड़ा गया. इनके वकीलों से कौन लड़ेगा." आरोपपत्र विक्रेत्यापुरतेच गेले. तो आज जामिनावर आहे आणि दुसऱ्या नावाने दुकान चालवतो, असे हेड कॉन्स्टेबल सांगतो. कंपनीने खुर्चीची किंमत परत केली आणि सोबत पुढच्या खरेदीवर सवलतीचे कुपन पाठवले. मुलीचा हात प्लास्टरमध्ये होता, हजेरी कमी पडली, तिला परीक्षेला बसू दिले नाही. पुढच्या वर्षी तिला पुन्हा पहिल्या वर्षात बसावे लागले.

निवृत्त होण्याआधी मी कँटमध्ये त्यांच्या घरी गेलो. "वहिनी, त्या दिवशी मी तुमची तक्रार घ्यायला हवी होती. चूक माझी होती."

"हो, घ्यायला हवी होती," त्या म्हणाल्या. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून विचारले, "चहात साखर चालते ना?"

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. 'दिवाणी प्रकरण आहे' असे म्हणून दारातून परत पाठवलेल्या माणसाचे पुढे काय होते, ते पाहायला ठाण्यातले कोणी जात नाही. मी गेलो, तेही उशिरा आणि रुग्णालयातून फोन आला म्हणून. माझ्या वाट्याचे उत्तर मी त्या बाईंच्या समोर बसून दिले, माझे नाव आणि हुद्दा त्यांना माहीत असताना.

विक्रेता न्यायालयात उत्तर देईल. उरली कंपनी. स्वयंचलित नियम आभाळातून पडत नाही. फाटकावरची सही म्हणजे माल उत्तम, हे वाक्य कोणीतरी पगारी माणसाने खोलीत बसून लिहिले, दुसऱ्याने मंजूर केले. तुटकी म्हणून परत आलेली खुर्ची पुन्हा विकली जाते की नाही, हे तपासायचे नाही असेही कोणीतरी ठरवले. त्या माणसांची नावे मी तीन नोटिसा पाठवून मागितली. आता माझ्या हातात नोटीस काढायचा अधिकार नाही, म्हणून इथे मागतो. कंपनीने ती नावे न्यायालयाला द्यावीत आणि त्या माणसांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून, वकिलाच्या नाही, स्वतःच्या तोंडाने सांगावे की ती तक्रार त्यांनी का बंद केली.