सगळ्यात मोठी मॅच कोणती

एकोणिसाव्या वर्षी माझ्या मणक्याला क्षय झाला आणि डॉक्टरांनी मला काखेपासून कमरेखालपर्यंत प्लॅस्टरमध्ये घातलं. नऊ महिने उताणं पडून राहायचं, असं ठरलं. स्वातंत्र्य मिळून तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही कल्याणच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो आणि वडील इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. मला जरा वारा लागावा म्हणून आईनं माझी खाट व्हरांड्याच्या खिडकीला लावली. वारा काही फारसा आला नाही, पण व्हरांड्यातलं सगळं बोलणं मात्र माझ्यापर्यंत पोचायचं.

दिसायचं ते छत. मान थोडी वळवली तर खिडकीचे गज, आणि गजांपलीकडे खुर्चीत बसलेल्या माणसाचे गुडघे आणि हात. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की आई विणकामाची सुई आत सरकवून खाजवायची. तिला घरातली कामं असायची, म्हणून मी हाक मारायचं टाळायचे. मग खाज सहन करत पडून राहायचं आणि ठाकुर्लीच्या वीजघराचा भोंगा झाला की समजायचं, आणखी एक दिवस गेला.

रविवारी मात्र अंकल यायचे. ते मालगाडीचे ड्रायव्हर होते, अँग्लो-इंडियन, पन्नाशीचे. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेलेली. सकाळी चर्चमधून निघाले की थेट आमच्याकडे. तरुणपणी आणि अगदी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांपर्यंत ते रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कामगारांच्या क्लबात, बॉक्सिंग खेळत. त्या मॅचेसना माझे वडील टाइमकीपर. शेडमधले लोक त्यांच्यावरून घड्याळ लावायचे, इतका माणूस वेळेचा पक्का, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलेलं. एका हातात स्टॉपवॉच, समोर पितळी बेल आणि लाकडी हातोडी. राउंडची तीन मिनिटं झाली की ठोका.

दर रविवारी दोघांचा वाद एकच. आपण पाहिलेली सगळ्यात मोठी मॅच कोणती?

अंकलचं उत्तर ठरलेलं असे. लढाईच्या काळात कल्याणजवळ लष्कराचा कॅम्प होता. तिथल्या एका हवालदाराशी झालेली त्यांची स्वतःची मॅच. दुसऱ्या राउंडला हवालदारानं त्यांना कोपऱ्यात कोंडलं. पाठीला दोर, समोर तो. हात वर उचलवत नव्हते. तेवढ्यात बेल झाली. एक मिनिट स्टुलावर बसून ते उठले आणि तिसऱ्या राउंडला त्यांनी हवालदाराला खाली पाडलं.

"मोठी मॅच म्हणजे काय?" अंकल हिंदी-मराठीच्या खिचडीत विचारायचे. "आदमी खतम झाला, सब लोग बोलले खतम झाला, आणि तो परत आला. बस."

"नाही साहेब," वडील म्हणायचे. "मोठी मॅच म्हणजे ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. आपल्या शेडच्या दोन अप्रेंटिसांची मॅच आठवा. तीन राउंड, रेफ्रीला एकदाही हात लावावा लागला नाही. हरलेल्याच्या माणसांनीसुद्धा तक्रार केली नाही."

"ती मॅच नाही, हिशोबाची वही होती!"

मी आतून हसायचे. हसलं की प्लॅस्टर बरगड्यांना टोचायचं. कधी अंकल खिडकीशी वाकून विचारायचे, "बेटी, तू सांग, कोण बरोबर?" मी म्हणायचे, "अंकल, मी एकही मॅच पाहिलेली नाही." ते म्हणायचे, "म्हणून तर तू जज." मनातून मी त्यांच्याच बाजूची होते. कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्या माणसाची गोष्ट मला हवी होती. वडील इतक्या हट्टानं ती नाकारतात, याचा रागही यायचा.

एका दुपारी आई बाजारात गेलेली असताना मी वडिलांना तसं बोलूनही दाखवलं. "तुम्हाला त्यांचं कौतुक बघवत नाही का हो?"

ते माझ्या उशाशी स्टुलावर बसले होते. म्हणाले, "ती बेल मी आधी वाजवली होती."

मला कळलंच नाही.

"वीस सेकंद बाकी होते. त्यांची बायको पुढच्या रांगेत डोळे झाकून बसली होती. मला वाटलं, आता हा माणूस मरतो. हात आपोआप हातोडीकडे गेला. कुणाला कळलं नाही. त्या हवालदाराला कळलं बहुतेक. त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. काही बोलला नाही, जाऊन आपल्या स्टुलावर बसला. मी जन्मात एकदाच वेळ चुकवली, आणि ती मुद्दाम. आता त्याच मॅचला सगळ्यात मोठी कसं म्हणू?"

"मग मला कशाला सांगितलंत?"

"तू कुठे जाणारेस कुणाला सांगायला?" ते सहज बोलून गेले आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. पण शब्द तर निघून गेले होते.

त्यानंतरचे रविवार मला नकोसे झाले. अंकल रंगात येऊन कोपरा, दोर, बेल सांगायचे. वडील अप्रेंटिसांची मॅच काढायचे. आणि मी दोघांच्या मध्ये भिंतीआड, कानात बोळे घालायची सोय नाही की कूस बदलायची सोय नाही. कुणी बोलत असताना उठून निघून जाता येणं ही केवढी चैन आहे, हे मला त्या दिवसांत समजलं.

नऊ महिने पुरे व्हायला आले. शुक्रवारी डॉक्टर आले, एक्स-रेचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "अजून सहा महिने." आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी रडलेसुद्धा नाही. दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

रविवारी अंकलना हे कळलं. ते खिडकीशी आले, गजांतून हात घालून माझ्या डोक्यावर ठेवला. "बेटी, घाबरायचं नाही. माझ्याकडे बघ. कोपऱ्यात होतो, रस्ता बंद. तरी आलो ना बाहेर? आदमी अपने दम पे बाहेर येतो. तू पण येणार."

"तुम्ही स्वतःच्या दमावर नाही आलात," मी म्हणाले. "बाबांनी बेल आधी वाजवली होती."

डोक्यावरचा हात तसाच राहिला. मग हळूच निघून गेला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, फाटक वाजलं. वडिलांनी दोन्ही खुर्च्या उचलून आत आणून ठेवल्या.

"काय मिळवलंस?" आईनं विचारलं.

काय सांगणार? मला त्या क्षणी कुणाला तरी माझ्यासारखं अडकलेलं बघायचं होतं. ते बघून झालं आणि माझी एकुलती एक खिडकी बंद झाली. पुढचे चार रविवार व्हरांड्यात कुणी बसलं नाही. वडील घरात यायचे, जेवायचे, मला औषध द्यायचे, रागाचं अक्षर नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चिमणी येऊन गजावर बसली तरी मी तिच्याकडे आशेनं बघायचे.

मग एका मंगळवारी अंकल आले. ड्यूटीवरून थेट, कोळशानं काळे. ते दारात न जाता माझ्या खिडकीशी थांबले.

"किती?"

"वीस सेकंद," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "घरी घड्याळ लावून बघितलं. कोपऱ्यात उभा राहून. वीस सेकंद बहोत लंबा होता है, बेटी. मी पाचमध्ये पडलो असतो."

"अंकल, माझं चुकलं."

"तू तर खरं बोलली. गुस्सा बापावर आहे." आणि त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "टाइमकीपर!"

वडील बाहेर आले. मला फक्त दोघांचे हात दिसत होते. अंकलच्या मुठी वळलेल्या होत्या.

"मला पडू द्यायचं होतं!"

"हो."

"दहा वर्षं मी लोकांना सांगतो. तुम्ही ऐकत बसला!"

"हो. चुकलं माझं."

मग अंकलच्या मुठी सुटल्या. ते म्हणाले, "त्या हवालदाराला हे कुणी सांगितलं का?"

पुढच्या रविवारी दोघं रेल्वेचा पास काढून त्याला शोधायला देवळालीच्या छावणीत गेले. हवालदाराची पलटण कॅम्पातून तिकडे गेली, असं कुणीतरी सांगितलं होतं. संध्याकाळी परत आले, हातात पेरूंची पिशवी. तिथल्या कारकुनानं विचारलं, नाव काय, नंबर काय? ज्या माणसाबद्दल इतकी वर्षं भांडले, त्याचं नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं. मॅचच्या वेळी नुसतं 'कॅम्पचा हवालदार' असं पुकारलं होतं. पलटणही तिथून कधीच हललेली होती.

खुर्च्या पुन्हा व्हरांड्यात आल्या. वादही सुरू झाला, पण आता तो वेगळा होता. बेल चुकलेली मॅच धरायची की नाही? अंकल म्हणायचे, "धरायची. पण माझी नाही, त्याची. तुम्हीच बोलला, त्याला माहीत होतं, तरी तो गप्प जाऊन बसला. तिसऱ्या राउंडला उठला." वडील यावर कधी हो म्हणाले नाहीत, पण अप्रेंटिसांचं नावही पुन्हा काढलं नाही. मला मात्र कधीकधी वाटे, तो गप्प बसला, कारण बोलून त्याचं कुणी ऐकलं नसतं. हे मी त्या दोघांना सांगितलं नाही. एकदा बोलून मला पुरे झालं होतं.

सहा महिन्यांनी प्लॅस्टर निघालं. पाय काड्यांसारखे झाले होते. उभं राहायला शिकायला आणखी पावसाळा गेला. त्याच सुमारास अंकल नोकरी सोडून मुलीकडे निघून गेले. काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. थंडी फार आहे, गोदामात पहारेकऱ्याचं काम मिळालंय, इथे बॉक्सिंग पाहिलं पण वाद घालायला कुणी नाही.

इंग्रजी माझं बरं, म्हणून उत्तर मी लिहायचं ठरलं. वडील सांगत होते. "लिही, मुलगी चालायला लागली. लिही, इन्स्टिट्यूटमधली रिंग काढली, आता तिथे बॅडमिंटन खेळतात." मग थांबले, चष्मा पुसला. "आणि लिही, त्या अप्रेंटिसांची मॅच काही एवढी मोठी नव्हती."

मी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकायला मीच निघाले. पोस्टाची पेटी कॉलनीच्या फाटकापाशी होती. धडधाकट माणसाला पाच मिनिटं. भिंतीला हात लावत, तीनदा टेकत, मी पाऊण तासानं पोचले.