वीतभर उंच केलेली जीप

जीप उंच करायची म्हणजे नेमकं काय उंच होतं, हे मला त्या मिस्त्रीने सांगायला हवं होतं. चाळीसेक वर्षं झाली, माझं म्हणणं अजून तेच आहे. घरचे म्हणतात, आता सोडा. मी सोडत नाही.

आणीबाणी उठल्यानंतर एक-दोन वर्षांनी मी सरकारी लिलावातून लांब चॅसीची एक जुनी जीप घेतली. त्याआधी दहा वर्षं आठवडी बाजारांतून मिरची विकली. आधी पोतं डोक्यावर, मग सायकलवर, मग भाड्याच्या बैलबंडीत. भाव पाडायला मी तिथंच शिकलो. समोरचा पहिल्यांदा बोलतो ते खोटं, दुसऱ्यांदा बोलतो ते अर्धं खोटं, आणि आपण उठून चालायला लागलो की मागून जी हाक येते तेवढीच खरी. माझ्यामागे ना बाप होता ना जमीन. जे उभं केलं ते या एका समजुतीवर.

जीप आमच्या गावाहून अल्लीपूरमार्गे वर्ध्याला सवाऱ्या नेई. अडचण होती ती गावाजवळच्या दीड कोसाची. सडक फाट्यावर संपायची आणि पुढे गावापर्यंत काळ्या मातीचा बंडीरस्ता. पावसाळ्यात बंड्यांच्या चाकांनी गुडघाभर खोल चाकोऱ्या पडत आणि दोन चाकोऱ्यांच्या मधे मातीचा वरंबा उभा राही. जीप चाकोरीत उतरली की तिचं पोट वरंब्यावर टेके. चाकं नुसती फिरत, गाडी जागची हलत नसे. म्हणून पावसाळाभर मी लोकांना फाट्यावर उतरवी आणि ते चपला हातात घेऊन चिखल तुडवत घरी जात.

मग एका पावसाळ्यात दुसऱ्या एका जीपवाल्याने आमचा फाटा धरला. त्याची गाडी माझ्याहून बरी नव्हती, माणूस गोड होता एवढंच. गावच्या पारावर बसणाऱ्या मंडळींनी मला ऐकू जाईल अशा बेताने निकाल दिला.

"दोघं बी फाट्यावरच उतरवतेत. मंग त्याच्यात बसलं काय अन् याच्यात बसलं काय?"

"ज्याची जीप पाण्यापावसात गावात येईन, त्याच्यात गाव बसन. सीधी गोष्ट हाय."

मला ती सीधीच वाटली. पुढच्या पावसाळ्यात गावात शिरायचं, नाहीतर मिरचीचं पोतं पुन्हा डोक्यावर घ्यायचं. उन्हाळा लागताच मी जीप उंच करण्याच्या मागे लागलो.

अल्लीपूरच्या लोहाराने कमानीचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, आणि एक्सल यांच्या मधे लोखंडाचे ठोकळे बसवायचा सल्ला दिला. स्वस्त काम. पण ठोकळा सरकला तर गाडी कुठं जाईल, असं विचारल्यावर तो वर आभाळाकडे पाहू लागला. मी उठलो.

वर्ध्याच्या टायरवाल्याने जीपखाली वाकून पाहिलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक्सलवर जो लोखंडी गोळा असतो, त्यावर त्याने हात ठेवला.

"भाऊ, तुमचं काय अडते? हा गोळा अडते. कमान कितीबी उंच करा, बॉडी वर जाईन, गोळा तिथंच राह्यते. गोळा चाकाच्या बरोबर हाय. चाक मोठं कराल तरच तो वर येईन."

"म्हणजे टायर घ्या."

"मोठे टायर घ्या."

"अन् ते तुह्याकडेच भेटतेत."

तो हसला. "आता टायरवाल्याकडे टायर नाई भेटन त काय जिलबी भेटन?"

मी मनात म्हटलं, यालाच तर मी दहा वर्षं ओळखतो. ज्याच्याकडे जे आहे, त्याच्याच कमतरतेचा रोग तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. मी चालू लागलो. मागून हाक आली नाही, तरी मला शंका आली नाही. आज यायला हवी होती असं वाटतं.

वर्ध्याहून नालवाडीकडे जाताना एक पाटेवाला मिस्त्री बसायचा. ट्रकच्या कमानी भट्टीत तापवून त्यांना पुन्हा बाक द्यायचं काम. हात चांगला म्हणून त्याचं नाव होतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे विकायला टायर नव्हते. त्याने गाडी पाहिली आणि एवढंच विचारलं, "किती उंच पायजे?"

"वीतभर."

"चारी बाजूनं दोन-दोन पाटे जास्त टाका लागन. जुने पाटे तापवून कमान द्या लागन. शॉकप लांब लागन."

"दोन पाटे कायले? एकानं काम होते."

"एकानं नाई होत, जी."

"झूठ. शॉकपबी आहे तेच चालते. तुम्ही लोकं एका बोल्टासाठी सारी गाडी खोलता."

 मग आमची तासभर रेटारेटी झाली. तो एक म्हणे, मी त्याच्या निम्मं म्हणे. तो गोळ्याकडे बोट करून "भाऊ, एक गोष्ट..." म्हणाला तेव्हा मी त्याला तोडलं, कारण गोळा दाखवून भाव वाढवायची युक्ती मी त्याच सकाळी एकदा ऐकून आलो होतो. शेवटी दीड पाट्याच्या भावात दोन पाटे टाकून घेतले आणि विजयी मुद्रेने चहा पाजला. त्याने चहा संपवला आणि भाता ओढायला बसला.

तीन दिवसांनी जीप घरी आणली तेव्हा गाव बघायला लोटलं. गाडी खरोखर वीतभर वर गेली होती. पारावरचे म्हणाले, "आता हे नदीतूनबी जाते." मी कुणालाच नाही म्हटलं नाही.

पहिली कुरकुर बाजाराच्या दिवशी निघाली. आमच्या गल्लीत एक म्हातारी राही, नऊवारीचा काष्टा घातलेली, वांगी-भेंडीची पाटी घेऊन दर बाजाराला वर्ध्याला जाणारी. ती जीपच्या मागच्या फळीशी आली, फळी छातीला लागली, आणि उभीच राहिली.

"बावा, हे जीप हाय का माडी? शिडी कोठी ठेवली?"

लोक हसले. दोघांनी तिला धरून वर चढवलं, पाटी मागून दिली. तिच्यामागे शेजारच्या घरची सून होती, कडेवर पोर. तिचा सासरा पुढे माझ्या शेजारी बसला होता, आणि मागे बाकावर गावातली चार मोठी माणसं. तिने फळीकडे पाहिलं, सासऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. एवढ्या माणसांसमोर पाय कमरेइतका वर टाकायचा, लुगडं सावरायचं, पोर सांभाळायचं. ती हळूच म्हणाली, "मी पायी येतो," आणि फाट्याकडे चालू लागली. सासऱ्याने मागे वळून पाहिलं नाही. मीही गाडी सुरू केली. चार दिवसांत सवय होईल, असं मला वाटलं.

सवय झाली नाही. बायका एकेक करून कमी झाल्या, फाट्यापर्यंत पायी जाऊन त्या दुसऱ्या जीपवाल्याकडे बसू लागल्या. दोन-दोन पाट्यांनी गाडी इतकी कडक झाली होती की बाकावर बसलेल्या पुरुषांचेही मणके वाजत. तरी मी धीर धरला. माझी परीक्षा पावसात होती.

पाऊस लागला, चाकोऱ्या पडल्या, आणि एका संध्याकाळी मी पुरुषांनी भरलेली जीप फाट्यावर न थांबवता सरळ बंडीरस्त्याला घातली. शंभर पावलं गाडी मस्त गेली. मग मागून घसरत जाणारा एक आवाज आला, कुणी वखर धरावा तसा, आणि जीप थांबली. खाली उतरून पाहिलं. पोट वरंब्याच्या वीतभर वर, मोकळं, कोरडं. आणि मधला तो लोखंडी गोळा वरंब्यात अर्धा रुतलेला. तो तसूभरही वर गेलेला नव्हता. बैलजोडी आणून गाडी बाहेर काढली. ज्याने बैल आणले तो म्हणाला, "वरून त लय झ्याक दिसते, भाऊ."

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या भट्टीपुढे उभा राहिलो. जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो भाता थांबवून ऐकत होता.

"तुम्ही वीत म्हटली. मी वीत देली. मोजून घ्या."

"गोळा अडन हे तुले मालूम होतं का नाई?"

"मालूम होतं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगत होतो. तुम्ही माह्या हर गोष्टीले झूठ म्हणून राह्यले होते. दोन पाटे म्हटलं, झूठ. शॉकप म्हटलं, झूठ. मंग मी म्हटलं, याले आता खरं सांगून काय फायदा. जे मांगते ते दे."

मला सांगा, हे उत्तर झालं का? मी भाव करत होतो. भाव करणं हा माझा धर्म आहे, शिवी नव्हे. बाजारात मिरचीवालीला 'ही तिखट नाही' म्हटलं म्हणून ती मला मिरचीऐवजी विटेची भुकटी देत नाही. मी दाम पाडला असेल. म्हणून ज्याच्या हातात विद्या आहे त्याने तोंड मिटून माझं नुकसान होऊ द्यायचं? दुकानदाराने माल खपवायला खरं सांगितलं, आणि कारागिराने मानापायी खरं गिळलं. मला पहिल्याचा राग येत नाही. दुसऱ्याचा आजही येतो, आणि भट्टीवर तापलेल्या लोखंडासारखा येतो. मी त्याला तिथल्या तिथे जादाचे पाटे काढायला लावले. काढायचा भाव त्याने सांगितला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तो पाडला नाही. 

टायर मी पुढच्या उन्हाळ्यात घेतले. टायरवाल्याने "सांगितलं नव्हतं?" असं म्हटलं नाही. त्याच्याकडे तेवढी माणुसकी होती. गोळा चार बोटं वर आला, गाडी पावसात गावात शिरली, पारावरच्यांनी शब्द पाळला. पुरुष माझ्या जीपमध्ये बसू लागले. बायका मात्र फाट्यापर्यंत पायी जाऊन त्या दुसऱ्याच्याच गाडीत बसत राहिल्या.

मी म्हातारीला तिच्या दारात गाठलं. म्हटलं, आजी, आता मी कमान उतरवली, गाडी दारापर्यंत येते, तरी तुम्ही चिखल तुडवत काऊन जाता?

ती वांग्यांचे देठ खुडत होती. "चिखल आमाले नवा नाई, बावा. जनमभर तुडवला. माणसाईसमोर टांग वर करणं नवं हाय. टायर लावले त गाडी पुन्हा उंच झाली का नाई?"

"चार बोटं."

"ते चार बोटं कोणासाठी? तू पारावरच्याईचं ऐकलं. आमाले कोणं इचारलं?"

तेव्हाही मला रागच आला. वर्षभर गाव मला उंची शिकवत होतं आणि ही एक गोष्ट कुणाच्या तोंडून निघाली नव्हती. पण ज्याच्यावर रागवावं असं माणूस समोर नव्हतं. समोर ती होती, आणि ती खरं बोलत होती. मी खिशातून सुतळी काढली.

"आजी, पाय किती वर उचलता ते दाखवा. तेवढ्यावर पायरी जोडतो, धराले कडी लावतो."

ती उठली, काष्टा सावरून उंबऱ्याच्या कडेला उभी राहिली आणि पाय आरामात जेवढा उचलतो तेवढाच उचलला. मी खाली बसून जमिनीपासून तळव्यापर्यंत सुतळी धरली.

"मोज बरोबर," ती म्हणाली. "अन् याच्यात घासाघीस करू नको."

मी सुतळीला तिथंच गाठ मारली.