काठाची भिंत

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू होती तशी राहू दिलेली नाही. कुठं काही साधं, सपाट दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात ते पॅकिंगवर होते. रिटायर झाल्यावर भोकरदनला घर बांधून राहिले आणि मग त्यांना कुणी अडवणारं उरलं नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीला त्यांनी लाल-हिरवा काठ रंगवला, आणि आता गल्लीतले लोक पाहुण्यांना 'काठाची टाकी दिसली की वळा' असाच पत्ता सांगतात. गॅसच्या सिलिंडरला झालर आहे, ती उतरवून होईपर्यंत नवं सिलिंडर आणणारा माणूस दारात ताटकळतो. एकदा पावसात मी त्यांना माझी छत्री दिली, तर परत आली ती कडेनं हिरवी लेस लावून. ती घेऊन मी जालन्याच्या बसमध्ये चढलो तेव्हा कंडक्टरनं आधी छत्रीकडे पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्या मिशांकडे. याबद्दल साडूंना छेडलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "बिनकाठाचं लुगडं कुणी नेसतं का? मंग छत्रीनं काय घोडं मारलं?"

अशा माणसाच्या पदरी देवानं आमच्या आक्का घातल्या. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना घर पांढरं, मोकळं आणि लख्ख लागतं. टाकी, फाटक, सिलिंडर इथपर्यंत त्यांनी नवऱ्याचं चालू दिलं, पण घरातल्या भिंतीला हात लावायचा नाही म्हणजे नाही. पुढच्या दारापासून मधल्या खोलीपर्यंत आणि तिथून मागं मोरीपर्यंत त्यांच्या घरात एक लांब बोळ आहे. त्या बोळाच्या कोऱ्या भिंतीकडे साडू जाता-येता असे बघत, जणू उपासाच्या दिवशी शेजारच्या घरातून भज्यांचा वास येतोय.

त्याच भिंतीवर एक दिवस त्यांना मळकट रेघ दिसली. आक्कांच्या घरात भिंत मळते, हेच मुळात नवल होतं. त्यांनी चार दिवस लक्ष ठेवलं, तेव्हा कळलं की आक्का भिंतीला तळवा लावून चालतात. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं, आणि गेलेली नजर परत येणार नव्हती. आक्कांनी हे बाहेर कुणाला सांगू दिलं नाही. साडूंनी हात धरायला पुढं केला की त्या झिडकारत. मी का पांगळी झाले, म्हणत. काठीचं तर नावच काढायची सोय नव्हती.

मग साडूंनी ठरवलं की भिंतीला हाताच्या उंचीवर लाकडी पट्टी लावायची, म्हणजे तिच्या आधारानं चालता येईल. पण खरं कारण सांगितलं तर आक्का मोडीत काढणार, आणि सजावट म्हटलं तर त्याहून आधी मोडीत काढणार. उभ्या जन्मात त्यांना पहिल्यांदाच एखादी पट्टी खरोखर गरजेची होती, आणि नेमका त्याच वेळी त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. ओट्यावर बसून मला हे सांगताना त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता, की मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

शेवटी त्यांना महालक्ष्म्या आठवल्या. आमच्याकडे लक्ष्म्यांच्या सजावटीला नाही म्हणणारी बाई जन्माला यायची आहे. लक्ष्मी ज्या बोळातून येणार, तो असा भुंडा ठेवायचा का, असं त्यांनी विचारलं, आणि आक्कांनी हो म्हटलं. साडूंनी सुताराला बोलावलं. हौसेच्या भरात आधी भिंतीला पांढरा रंग दिला, आणि रंग वाळल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की पट्टीची उंची ज्या रेघेवरून घ्यायची, तीच पुसून टाकली. मग अंदाजानं लावली. साडू ताडमाड, आक्का त्यांच्या खांद्याच्याही खाली. पट्टी वर राहिली आणि आक्कांचा तळवा तिच्याखालून कोऱ्या भिंतीवरून फिरत राहिला. डिझाइन बदललं, असं सुताराला सांगून त्यांनी सगळी पट्टी उपटली आणि नवी भिंत मळायची वाट बघत बसले. जगात असा घरमालक दुसरा नसेल. नातवंडं भिंतीजवळ गेली तर अंगावर धावून जायचे, आक्का निघाल्या की पेपराआडून टुकुटुकु बघायचे. रेघ उमटली तशी सागवानी पट्टी बरोबर तिच्यावर बसली. संशय नको म्हणून वर नक्षीच्या चौकटीही केल्या. मात्र पट्टी मधल्या खोलीच्या दाराशी थांबली, कारण लक्ष्मी काही मोरीत जात नाही.

लक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी घर बायकांनी भरलं होतं. दारापासून कुंकवाची पावलं काढली होती. थोरलीचा मुखवटा दरवर्षी आक्काच घरात आणतात, आणि यंदा सगळ्यांच्या देखत पाय अडखळला तर काय, या धास्तीनं साडूंचा चेहरा उतरला होता. ताटं वाजायला लागली. आक्कांनी मुखवटा डाव्या हाताशी धरला, उजवा तळवा पट्टीवर ठेवला आणि पावलापाठी पाऊल टाकत सरळ चालत आल्या. मागून धाकटी जाऊ दुसरा मुखवटा घेऊन आली. कुणाला काही कळलं नाही. जो तो चौकटींचं कौतुक करत होता.

मुखवटे बसले, हळदीकुंकू झालं. मग आक्का सगळ्यांसमोर साडूंना म्हणाल्या, "अहो, ही पट्टी पार मोरीपस्तोर न्या. दाराशी मधीच सुटून राह्यली."

शेजारची एक बाई हसली. मोरीच्या वाटेला कशाला सजावट, म्हणाली.

"लावू द्या वो," आक्का म्हणाल्या. "त्यांना हौस हाय."

साडू खिशातला रुमाल शोधत बोळाकडे वळले. त्या रुमालालाही काठ होता, पण त्या दिवशी मी त्यांना काही बोललो नाही.